निवृत्तीच्या दाराशी कर्ज नको

(संस्थेच्या पालक व हितचिंतक मेळाव्यात परळ येथे दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



मला आज पैशाच्या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी अर्थशास्त्री नाही. शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवतो. बी. ए., बी. एड. झालेला, पतपेढीचा हप्ता पगारातून कापून घेणारा, घराचे कर्ज डोक्यावर असलेला एक साधा शिक्षक. परंतु कर्जावर बोलण्याचा अधिकार कर्ज असलेल्याला थोडा जास्तच असतो, असे समजून मी उभा राहिलो आहे. विषय एवढाच आहे की नोकरी संपेल त्या दिवशी आपल्यावर कोणाचे देणे असू नये, आणि हे काम एकट्याने होत नसेल तर चारचौघांच्या सोबतीने कसे करावे.

आपण ज्या परळमध्ये जमलो आहोत, तिथे हा विषय नवा नाही. आज उंच इमारती दिसतात तिथे गिरण्यांची धुराडी होती आणि भोंग्यावर दिवस चालत असे. त्या काळी गिरणगावात पुष्कळ घरे कर्जात होती. मुंबईच्या मजूर कार्यालयाने १९२१-२२ साली कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तेव्हा शेकडा ४७ कुटुंबे कर्जात आढळली. पुढे १९२९ साली सरकारने मजुरांविषयी एक शाही आयोग नेमला. व्हिटले हे त्याचे अध्यक्ष होते आणि आपल्या गिरणगावात आयुष्य घालवलेले ना. म. जोशी हे त्याचे एक सभासद होते. या आयोगाचा अहवाल १९३१ साली आला. मजुरांकडून सर्रास घेतला जाणारा व्याजाचा दर त्यात नोंदला आहे : दर रुपयास दरमहा एक आणा. ऐकायला हा आणा लहान वाटतो. हिशेब मांडा. शंभर रुपयांवर महिन्याला सव्वासहा आणि वर्षाला पंचाहत्तर रुपये! मुद्दल तसेच उभे, आणि वर्षभराचे व्याज मुद्दलाच्या पाऊणपट. सावकाराने गिरणीच्या दाराशी उभे राहून मजुराला अडवणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस या आयोगाला करावी लागली. यावरून पगाराच्या दिवशी दाराबाहेर काय दृश्य असेल याची कल्पना यावी.

माझे आजोबा त्या दारातून चाळीस वर्षे ये-जा करीत होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते रत्नागिरी जिल्ह्यातून आले आणि साचेखात्यात लागले. मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर मुसलमान विणकर पुष्कळ होते, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दादा १९८१ साली निवृत्त झाले. फंडाचे आणि सर्व्हिसचे पैसे एकदमच हातात आले. अब्बा सांगत की त्या संध्याकाळी घरात गोड करायचे ठरले होते. दूध आणले होते, शेवया आणल्या होत्या. पण शेवया शिजण्याआधी माणसे येऊ लागली. वाणी आला. आत्याच्या लग्नासाठी ज्याच्याकडून पैसे घेतले तो आला. गावच्या घराच्या कौलांसाठी ज्याने दिले तो आला. कोणी वाईट बोलले नाही, सगळ्यांनी सलाम केला, मुबारक म्हटले आणि खाटेवर बसून राहिले. पंधरा दिवसांत चाळीस वर्षांची पुंजी वाटली गेली. दादा गावी गेले ते भाड्याचे पैसे उसने घेऊन.

त्यानंतर वर्षभरातच, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. अब्बा तेव्हा बदली कामगार होते. घरातली भांडी आणि आईची पाटली गहाण पडली. ती पाटली पुन्हा घरी आली नाही. मी जन्मलो तो संपानंतर. म्हणून ही गोष्ट मी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. पण घरात आजही कोणी “फंडाचे पैसे” असे म्हटले की अब्बा क्षणभर गप्प होतात. ते गप्प होणे मी पाहिले आहे.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण परळच्या इतिहासात केवळ रडगाणे नाही. या भागातील माणसांनी कर्जातून बाहेर पडण्याच्या वाटाही शोधल्या, आणि त्या बहुतेक एकत्र येऊन शोधल्या. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. परळचा दामोदर हॉल तिचाच. या लीगने कामगारांच्या सहकारी पतपेढ्या काढल्या. सर करीमभाई इब्राहिम यांच्या गिरण्यांतील कामगारांसाठी जी कामगार संस्था होती, तीही लीगच चालवीत असे. रेल्वेच्या नोकरांच्या पतसंस्था तर शंभर वर्षांहून जुन्या आहेत. दहा जणांनी दरमहा थोडे थोडे टाकावे, अडलेल्याला त्यातून द्यावे आणि त्याने ते माफक व्याजाने फेडावे, एवढीच ती कल्पना. परंतु तिने कितीतरी घरे सावकाराच्या वहीतून बाहेर काढली.

या परिसरातील आणखी एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. गिरणगावात एकटे राहणारे हजारो कामगार खानावळीत जेवत. या खानावळी म्हणजे दहा बाय दहाच्या खोल्या. एक बाई पहाटे चारला उठून पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करी. कामगार महिन्याने पैसे देणार आणि वाणी मात्र रोज उधारी लिहिणार. त्या दोहोंच्या मध्ये ती बाई सावकाराच्या हाती सापडे, मंगळसूत्र गहाण टाकी. गोवामुक्तीच्या लढ्यात गोळी झेललेल्या प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र केले आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. बँका १९६९ साली राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या आणि १९७२ पासून अगदी गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना निघाली होती. पण खानावळवालीकडे तारण कुठले? तेव्हा तारण ठरले ते एकमेकींचा शब्द. सुरुवातीला चौदा जणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी दीड हजार रुपये मिळाले. एक चुकली तर गटातल्या बाकीच्या तिच्या दारात जात, अडचण विचारीत, हप्ता भरून घेत. पुढे हजारो बायका या मार्गाने गेल्या. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

आपण म्हणाल, हा झाला इतिहास. आज गिरण्या नाहीत, गेटवरचा सावकार नाही. खरे आहे. पण कर्ज गेले आहे का? बारकाईने पाहा. आज क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवली तर दरमहा तीन ते साडेतीन टक्के व्याज लागते, म्हणजे वर्षाला छत्तीस ते बेचाळीस टक्के. एक आण्याच्या जवळपास निम्मे! फरक एवढाच की हा सावकार दारात उभा राहत नाही, खिशातल्या फोनमध्ये राहतो. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारे आहेत, दुकानात टीव्हीचे हप्ते आहेत, सोन्यावर कर्ज आहे, पतपेढी आहे आणि या सर्वांच्या वर घराचे कर्ज आहे.

घराच्या कर्जाविषयी गिरणी कामगारांचाच अनुभव सांगतो. गिरण्यांच्या जागेवर कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. घरे ६,९२५ आणि अर्ज करणारे दीड लाखाच्या आसपास. ज्यांचे नशीब उघडले त्यांना सव्वादोनशे चौरस फुटांचे घर साडेसात लाखांना मिळाले, पुढच्या सोडतींत साडेनऊ लाखांना. मुंबईच्या भावात हे स्वस्तच. पण हे पैसे भरण्याची वेळ आली तेव्हा कामगार साठीच्या पुढे गेला होता. कमाई संपल्यावर कर्ज सुरू करण्याची पाळी पुष्कळांवर आली. कर्ज फेडायचे वय आणि कर्ज घ्यायचे वय उलटे झाले की काय होते, हे त्यातून दिसते.

आपण शिक्षक आणि पालक त्याच वाटेवर आहोत. आपल्या राज्यात शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. जे १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागले, त्यांच्यासाठी जुने निवृत्तिवेतन राहिले नाही, वेतनातून अंशदान कापण्याची योजना आली. तिच्यात पुढे सुधारणा झाल्या आहेत, तरी जुन्या पिढीसारखे निश्चिंत राहण्याचे दिवस गेले. खाजगी नोकरी करणाऱ्या पुष्कळ पालकांना तर तेही नाही. म्हणून निवृत्तीच्या वेळी मिळणारी रक्कम खाण्यासाठी हवी, फेडण्यासाठी नव्हे.

आता आम्ही काय केले ते सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये टाळेबंदीच्या तडाख्यातून सावरत असताना आम्ही आठजण एकत्र आलो. आमच्या शाळेतील तीन शिक्षक, शाळेचे शिपाई ज्यांना सगळे मामा म्हणतात, रेल्वे वर्कशॉपमधील एक फिटर, रुग्णालयातील एक कारकून, टॅक्सी चालवणारे एक भाई आणि डबे करणाऱ्या एक ताई. यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, एक बौद्ध आहेत. कर्ज सर्वांना सारखे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या एका वर्गात बाकावर बसायचे, चहा ज्याचा त्याने आणायचा, आणि प्रत्येकाने आपली वही उघडायची. वहीत चार रकाने : कोणाचे देणे, किती, व्याज किती, शेवटचा हप्ता कधी. चौथ्या रकान्याखाली प्रत्येकाने आपले निवृत्तीचे साल लिहायचे. ते दोन आकडे शेजारी आले की भाषण करावे लागत नाही.

पहिल्या रविवारी माझ्या सहकाऱ्याच्या वहीत काय निघाले पाहा. वय त्रेचाळीस. नुकतेच घेतलेले वीस लाखांचे कर्ज, मुदत वीस वर्षे. म्हणजे फिटणार त्रेसष्टाव्या वर्षी, आणि नोकरी संपणार अठ्ठावन्नाव्या वर्षी. मधली पाच वर्षे हप्ता कोण भरणार? “मुलगा भरेल,” तो म्हणाला. मुलगा तेव्हा सातवीत होता. कोणी हसले नाही, कारण आपल्यापैकी निम्म्यांनी हाच हिशेब मनात केलेला होता.

मग आम्ही फळ्यावर गणित मांडले. हिशेब सोपा व्हावा म्हणून व्याज साडेआठ टक्के धरले. वीस लाखांवर वीस वर्षांचा हप्ता येतो सुमारे १७,३५० रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले १४,१६० च्या वर व्याजात जातात आणि मुद्दल कमी होते ते जेमतेम तीन हजार दोनशेने. वीस वर्षांत एकूण भरायचे सुमारे साडेएकेचाळीस लाख. आता दरमहा फक्त अडीच हजार जास्त भरले आणि ते मुद्दलात गेले, तर हेच कर्ज वीस वर्षांऐवजी पावणेपंधरा वर्षांत फिटते. व्याजाचे सुमारे साडेसहा लाख वाचतात. त्रेचाळीस आणि पावणेपंधरा मिळवा : पावणेअठ्ठावन्न. निवृत्तीच्या तीन महिने आधी घर मोकळे! माझा सहकारी फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “अडीच हजार म्हणजे रोजचे ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. पण मी ते एकट्याने ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे.”

हे उत्तर प्रामाणिक होते, आणि त्यातूनच आमची भिशी निघाली. भिशी आपल्याला नवी नाही, प्रत्येक चाळीत असते. आठ जणांनी दरमहा अडीच हजार टाकायचे, वीस हजार जमतात, ते दर महिन्याला एकाला मिळतात. आमच्या भिशीत एकच अट वेगळी. हे वीस हजार घरी न्यायचे नाहीत. ज्याची पाळी त्याच्यासोबत दुसरा एकजण बँकेत किंवा पतपेढीत जातो, रक्कम मुद्दलात भरली जाते आणि पावतीची प्रत पुढच्या रविवारी मंडळाच्या वहीत चिकटवली जाते. हप्ता कमी न करता मुदत कमी करा, असे अर्जात स्पष्ट लिहायचे. स्वतःशी केलेला करार माणूस मोडतो. सात माणसांसमोर केलेला मोडायला जड जातो.

पाळी कोणाला आधी? चिठ्ठ्या टाकाव्यात असे काहींचे मत होते. डबे करणाऱ्या ताई म्हणाल्या, “ज्याचं व्याज जास्त त्याला आधी.” त्यांच्या आई खानावळवाल्या होत्या. व्याज कसे वाढते हे त्या लहानपणी चुलीशी बसून शिकल्या होत्या. तोच नियम झाला.

आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या रविवारी मी माझी वही उघडली, तेव्हा तिच्यात घराचे कर्ज होते, पतपेढीचे होते. एक देणे नव्हते. टाळेबंदीत घरात आजारपण झाले तेव्हा क्रेडिट कार्डावर बासष्ट हजार चढले होते. पत्नीलाही ते पूर्ण ठाऊक नव्हते. दरमहा मी किमान रक्कम ३,१०० भरीत असे, आणि त्यातले २,१७० व्याजातच जात, कर वेगळा. इतरांना गणित शिकवणारा मी हा आकडा वहीत लिहू शकलो नाही. तीन रविवार मी गप्प राहिलो. चौथ्या रविवारी शिपाईमामांनी आपली वही वाचली. त्यांनी सगळे लिहिले होते, अगदी वाण्याचे सहाशे चाळीस रुपयेसुद्धा. मला लाज वाटली. कर्जाची लाज वाटत होतीच, आता लपवण्याची वाटली. मी उभा राहून सांगितले. कोणी उपदेश केला नाही. फिटरभाऊंनी एवढेच विचारले, “व्याज किती?” सांगितल्यावर ते म्हणाले, “मग पुढची पाळी सरांची.” ते वीस हजार कार्डावर गेले, कार्ड कात्रीने कापले, आणि दीड वर्षाच्या आत ते देणे शून्यावर आले. त्या रात्री घरी जाऊन पत्नीला सांगितले ते अधिक कठीण गेले. पण सांगितले.

माझ्या अनुभवावरून मी असे म्हणेन की कर्जाचे मूळ गरजेत असते, पण त्याची वाढ लपवण्यात होते. दादांच्या वाण्याचे देणे आजीला माहीत नव्हते, आणि आजीने घेतलेले दादांना.

आमच्या मंडळाचे काही नियम सांगतो. ते आपल्या वस्तीत, आपल्या कार्यालयात उपयोगी पडतील.

एक, एकमेकांना जामीन राहायचे नाही. हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. पण जामीनकीने तुटलेली मैत्री मी पाहिली आहे. सहकार कायद्याच्या, म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या आधारे पतसंस्थेचा हप्ता थेट पगारातून कापता येतो. मूळ कर्जदार थकला की जामीनदारापर्यंत वसुली येते, आणि दोन घरे बुडतात. खानावळवाल्या बायकांना दुसरा मार्ग नव्हता, शब्द हेच तारण होते. आपल्याला पगार आहे, आपण सोबत द्यावी, सही देऊ नये.

दोन, मंडळ वाढवायचे नाही. आठाचे ऐंशी झाले की कोण कोण आहे ते कळत नाही. लिलावाची भिशी नाही, कमिशन नाही, अनोळखी माणूस नाही. दुसरे मंडळ हवे तर दुसऱ्या वर्गात बसावे. वही कशी आखायची ते आम्ही दाखवू.

तीन, अडचण आधी सांगायची. टॅक्सीवाल्या भाईंच्या गाडीचा अपघात झाला, दोन महिने धंदा बंद. त्यांनी पहिल्या आठवड्यातच येऊन सांगितले. बाकी सातजणांनी त्यांचा वाटा उचलला आणि त्यांची पाळी दोन महिने मागे गेली. हिशेब वहीत लिहिला गेला. आधी सांगितलेली अडचण मंडळ उचलते, नंतर कळलेली अडचण मंडळ मोडते.

चार, बँकेचा कागद वर्षातून एकदा एकत्र बसून वाचायचा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. पुष्कळांचा हप्ता तसाच राहिला, म्हणून त्यांना वाटले काही बदलले नाही. प्रत्यक्षात मुदत वाढली होती. आमच्या कारकून बंधूंची तीन वर्षांहून जास्त वाढलेली निघाली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही, हा नियम तर २०१२ पासून आहे. कर्ज फिटले की घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. नाहीतर बँकेने दिवसाला पाच हजार भरपाई द्यायची, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. हे सर्व आपल्या बाजूचे आहे, पण ते माहीत असावे लागते.

पाच, सगळेच पैसे कर्जात घालायचे नाहीत. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय जास्तीचा हप्ता भरू नये. नाहीतर घरात ताप आला की पुन्हा कार्ड, पुन्हा सोने गहाण. एका हाताने फेडायचे आणि दुसऱ्या हाताने अधिक व्याजाने घ्यायचे, हा शहाणपणा नव्हे.

आपल्या समाजात व्याजाचा प्रश्न नाजूक आहे, त्याबद्दल दोन शब्द बोललो नाही तर भाषण अपुरे राहील. व्याज घेणे आणि देणे दोन्ही मनाला बोचते असे सांगणारे पालक मला नेहमी भेटतात. काही जण या बोचणीमुळे बँकेकडे जात नाहीत आणि ओळखीच्या माणसाकडून घेतात, जो नाव न घेता व्याजच लावतो. कर्जे-हसना, म्हणजे मोबदला न घेता दिलेले कर्ज, ही आपली जुनी परंपरा आहे. देवबंदला १९६१ पासून मुस्लिम फंड आहे, तिथे दागिने ठेवून बिनव्याजी रक्कम मिळते. आपल्या मुंबईतही १९७६ साली बैतुन्नसर नावाची बिनव्याजी पतसंस्था निघाली होती. ती आज नाही. संस्था काढणे हे माझ्यासारख्याचे काम नव्हे. पण ज्याच्या मनाला व्याज बोचते, त्याने निदान एवढे करावे की जे व्याज अंगावर आहे ते लवकरात लवकर उतरवावे. आठ माणसांच्या भिशीत कोणी कोणाला व्याज देत नाही, घेत नाही. ती प्रत्येक मोहल्ल्यात होऊ शकते.

आमच्या पाच फेऱ्या पूर्ण झाल्या. प्रत्येकाचे एक लाख, मिळून आठ लाख रुपये मुद्दलात गेले. आकडा मोठ्या लोकांना लहान वाटेल. आमच्या आठजणांच्या आयुष्यात एवढी रक्कम एका दिशेने कधी गेली नव्हती. सगळे गोड झाले असेही नाही. माझ्या सहकाऱ्याचे कर्ज अजून बरीच वर्षे चालणार आहे. ताईंनी मुलीच्या प्रवेशासाठी एक नवे कर्ज घेतले, वहीत लिहून घेतले. माझे घर एकावन्नाव्या वर्षी मोकळे व्हावे असा आमचा हिशेब आहे. तो पुरा होईल की नाही हे मला आज सांगता येत नाही.

पण शिपाईमामांची गोष्ट सांगून मी थांबतो. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांचे पतपेढीचे देणे निवृत्तीच्या चार महिने आधी संपले. शेवटची पावती त्यांनी स्वतः डिंक लावून वहीत चिकटवली. निरोपाच्या दिवशी शाळेत छोटा समारंभ झाला. पुढच्या रविवारी ते नेहमीप्रमाणे वर्गात आले, कारण भिशीची त्यांची फेरी अजून बाकी होती. मी विचारले, “मामा, फंडाचे पैसे आले?” ते म्हणाले, “आले, सर.” “मग कोण कोण आले होते घरी?” मी हे का विचारले ते त्यांना कळले नाही. ते म्हणाले, “कोण येणार? मुलगी आली होती, नातू आला होता. खीर केली.”

मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. १९८१ सालच्या त्या न शिजलेल्या शेवया मला आठवल्या, ज्या मी कधी पाहिल्याही नव्हत्या.

वाचकहो, भाषणात एवढे बोलून मी खाली बसलो होतो. स्मरणिकेसाठी एकच विनंती जोडतो. हे पान मिटण्यापूर्वी एका कागदावर दोन आकडे लिहा : आपल्या शेवटच्या हप्त्याचे साल आणि आपल्या निवृत्तीचे साल. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असेल, तर या रविवारी तो कागद एका विश्वासाच्या माणसाला दाखवा. घरच्या माणसाला आधी.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.